‘घर’ लिहिलेली प्लेट

आमच्या घरात दोन कुकर होते आणि त्यांच्या शिट्ट्या मला झोपेतही वेगळ्या ओळखू यायच्या. लहान कुकरमध्ये वरणभात शिजायचा. मोठ्यात अप्पांच्या लॅबच्या वापरलेल्या प्लेटा उकळायच्या आणि दुसऱ्या खेपेला जंतूंचं खाणं शिजायचं. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. रस्त्याकडची खोली म्हणजे लॅब, मधे एक जाड पडदा, आणि पडद्याच्या अलीकडं आम्ही. अप्पा, म्हणजे माझे वडील, लोकांचा पस, लघवी, थुंकी तपासायचे आणि कुठल्या जंतूला कुठलं औषध मारतं ते डॉक्टरांना लिहून द्यायचे. त्यासाठी जंतू आधी वाढवावे लागतात, आणि वाढवायचे तर त्यांना पोसावं लागतं. मांसाच्या अर्काची पावडर नि अगर नावाची समुद्री शेवाळाची भुकटी पाण्यात कालवून कुकर लावला की घरभर एक जड, गोडसर वास सुटायचा. चातुर्मासात कांदासुद्धा न चालणाऱ्या त्या घरात आई नाकाला पदर लावून ते शिजवायची, मग अंघोळ करायची, आणि मगच आमच्यासाठी येसराची आमटी टाकायची. तिनं या कामाबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार करण्याची सोयच नव्हती.

काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, ते अगर ओतलं की थोड्या वेळात खरवसासारखं थिजायचं. त्यावर अप्पा कापसाच्या बोळ्यानं रोग्याचा पस सारवायचे आणि वर चिमट्यानं कागदाच्या टिकलीएवढ्या चकत्या ठेवायचे. प्रत्येक चकतीत एक औषध मुरवलेलं आणि तिच्यावर त्या औषधाचं इंग्रजी अक्षर. मी इंग्रजी अक्षरं शाळेच्या आधी त्या चकत्यांवरून शिकले. प्लेट मग बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत उबेला जायची, आणि वीज गेली की आई पेटीवर आमच्याच अंगावरची गोधडी ओढून टाकायची. दुसऱ्या दिवशी झाकण काढावं तर जंतू सायीसारखे गच्च धरलेले असायचे. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मात्र एक मोकळं, स्वच्छ वर्तुळ. जे लागू पडत नाही त्याच्या चकतीला जंतू अगदी खेटून उभे. अप्पा स्टीलच्या पट्टीनं ते वर्तुळ मोजायचे. एका जंतूभोवती ज्या औषधाचं रुपयाएवढं वर्तुळ पडतं, त्याच औषधाला दुसरा जंतू खिजगणतीतही धरत नाही, हे ते मला शेजारी उभं करून दाखवायचे, आणि माझं मोजमाप चुकलं की तीच पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर उभी बसायची. आडवी नव्हे. आडवी कमी लागते, असं ते स्वतःच सांगायचे.

माणसांचीही त्यांनी तशीच परीक्षा करून ठेवली होती. कुणाला कुठला शब्द लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. मावशीला मूलबाळ नसण्यावरून, शेजारच्या भाऊरावांना त्यांच्या नापास मुलावरून, मला माझ्या काळ्या रंगावरून. मी रडत नाही म्हणून मला, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूला म्हणतात तसं, ‘रेझिस्टंट’ म्हणायचे. आईबद्दल पाहुण्यांसमोर सांगायचे, “आमची ही मात्र सगळ्यालाच सेन्सिटिव्ह. नुसतं बघितलं तरी पुरतं.” पाहुणे हसायचे आणि आई ताटात आणखी एक धपाटं वाढायची. तिचं माहेर परळी वैजनाथाकडचं, बोलणं तिकडचं. अप्पा त्यावरूनही तिची नक्कल करायचे, त्यामुळे ते घरात असले की ती कमीच बोलायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात गॅसचा सिलिंडर मिळेना. रॉकेलच्या स्टोव्हवर दोन वेळचं अन्न आणि जंतूंचं खाणं एवढंच होईना, म्हणून वापरलेल्या प्लेटा न उकळता नुसत्या फिनाईलच्या बादलीत बुडवून धुवायच्या असं अप्पांनी ठरवलं. आई म्हणाली, “उकळल्याबिगर हात घालायला भ्या वाटतं.” अप्पा म्हणाले, “फिनाईल माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का?” विषय तिथं संपला. आई मागच्या मोरीवर बसून प्लेटा घासायची तेव्हा काचेवर काच लागून एक बारीक आवाज यायचा, आणि दुपारी आमच्या घरात तेवढाच आवाज असायचा. एका दुपारी तो थांबला. कडेला टवका उडालेली एक प्लेट तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात घुसली होती. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेल्या प्लेटा धुऊन पालथ्या घातल्या.

बोट सुजलं, मग तांबडं झालं, मग चकाकायला लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट न्यायला काझी डॉक्टर आले. ते शहागंजातले सर्जन, अप्पांचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. आईनं चहाचा कप डाव्या हातानं पुढं केला तेव्हा त्यांनी विचारलं आणि चिंधी सोडायला लावली. बघितल्याबरोबर म्हणाले, “भाभी, ये अच्छा नहीं है. कॅप्सूल आज से चालू करो. रिपोर्ट आता रहेगा.” त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं होतं. अप्पांनी हात आडवा केला. “डॉक्टरसाहेब, सगळ्या शहराला मी सांगतो की आधी सॅम्पल, मग औषध. माझ्याच घरात अंदाजपंचे चालवलं तर लोक काय म्हणतील? उद्या सकाळी मी पस घेतो. प्लेट काय सांगते ते बघू.” काझी डॉक्टरांनी पेन परत खिशाला लावलं आणि चहा संपवला. एका रात्रीचाच प्रश्न होता, आणि तत्त्व म्हणून अप्पांचं म्हणणं बरोबर होतं. मी स्वतः पुढं हेच शिकले, हेच शिकवलं. औषध आधी पोटात गेलं की जंतू दबतात आणि तपासणीत नीट सापडत नाहीत. बरोबर असलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं, आणि अप्पा बहुतेक वेळा बरोबर असायचे.

सकाळी लॅबमधल्या स्टुलावर आईला बसवून अप्पांनी चिंधी सोडली. मी ट्रे धरून उभी होते. चिंधीच्या आत, जखमेभोवती, एकीला लागून एक अशा कागदी चकत्या चिकटवलेल्या होत्या. ओल्या, पिवळ्या झालेल्या, काहींवरची अक्षरं अजून दिसत होती. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी चकत्यांच्या कुप्या असायच्या. आईनं प्रत्येक कुपीतली एक चकती काढून बोटावर लावली होती. वर्षानुवर्षं ती त्या प्लेटा धूत होती, चकतीभोवती जंतू मरतात हे तिनं रोज बघितलं होतं. त्यातली कुठली लागू पडेल ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं सगळ्या लावल्या होत्या.  मी मात्र तेव्हा फक्त अप्पांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी चिमट्यानं एकेक चकती उचलली आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली. मग म्हणाले, “हे कोणी सांगितलं होतं?”

“कुणी नाय. ठणका लई होता.”

“महागाच्या आहेत या. आणि सॅम्पलचं काय केलंस ते कळतंय का? जंतू आणि औषध एकत्र केलंस. आता याच्यात काय वाढणार, कपाळ?”

तरीही त्यांनी पस घेतला, प्लेट सारवली, चकत्या ठेवल्या. झाकणावर काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं रोग्याचं नाव लिहायची पद्धत होती. घरच्या माणसाचं सॅम्पल असलं की ते नाव न लिहिता ‘घर’ असं लिहायचे. माझा कान वाहत होता तेव्हाही त्यांनी ‘घर’च लिहिलं होतं. प्लेट पेटीत गेली. आईच्या बोटावर त्यांनी कोरडी पट्टी बांधली आणि मला बजावलं, “हिला आता कुठलंही औषध लावायचं नाही, द्यायचं नाही.”

आईचा हात कामातून गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी प्लेटा धुवायला मी बसले. ढिगाऱ्यात, अजून फिनाईलमध्ये न बुडालेल्या प्लेटांत, वरच ‘घर’ होती. मी झाकण काढलं. प्लेट काठोकाठ भरली होती. सोनेरी पिवळे जंतू, दाणा न् दाणा ठसठशीत. बहुतेक चकत्यांना ते खेटून होते, आणि एका चकतीभोवती, जिच्यावर ‘ई’ होता, असं मोठं स्वच्छ वर्तुळ होतं की मला पट्टीची गरजच नव्हती. मी तेव्हा नववीत होते, पण प्लेट वाचता येत होती. मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. मी आईकडं धावले. ती भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर, डोळे मिटलेले. मी म्हणाले, “आई, तुझं औषध सापडलं.” तिनं प्लेटकडं नीट बघितलं. मग म्हणाली, “त्यांनी टाकली का धुवायला?”

मी व्हय म्हणाले.

“मग धुऊन टाक,” ती म्हणाली.

मी धुतली नाही. पडदा सारून लॅबमध्ये गेले. काझी डॉक्टर तिथंच बसलेले होते. मी प्लेट अप्पांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अप्पा, ही वाचायची राहिली.” अप्पांनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, पूर्ण फिरवून बघितली. त्यांना सगळं दिसलं. ते बघत असताना मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यामुळे हे मी खात्रीनं लिहिते. काझी डॉक्टर उठून म्हणाले, “देखने तो दो, भाई.” अप्पांनी प्लेट टेबलाखालच्या फिनाईलच्या बादलीत सोडली. “सॅम्पल खराब होतं, डॉक्टरसाहेब. बाईसाहेबांनी जखमेला चकत्या लावल्या होत्या. खराब सॅम्पलवर मी रिपोर्ट देत नाही. दोन दिवस जाऊ दे, अंगातलं ते औषध निघून जाऊ दे, मग परत घेतो.” काझी डॉक्टरांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलली. नंतर मला म्हणाले, “जाओ बेटा, अंदर जाओ.” त्या माणसाला मी आयुष्यभर अप्पांपेक्षा कमी दोषी धरलेलं नाही. त्याच्या बॅगेत औषध होतं आणि पडद्यापलीकडं चार पावलांवर रोगी होता. पण त्याला दर महिन्याला अप्पांचे रिपोर्ट लागायचे, आणि दुसऱ्याच्या बायकोचा मामला होता.

माझ्याकडं खाऊचे पैसे साठलेले होते. मी आईला म्हणाले, मी क्रांती चौकातल्या दुकानातून, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथून, ‘ई’च्या गोळ्या आणते. औषधाचं पूर्ण नाव मला पाठ होतं. आईच्या अंगात ताप होता, तरी ती अगदी शांतपणे बोलली. “आणू नको. त्यांना कळलं तर पुढची पण खराब म्हणतील. मग परत दोन दिवस. आत्ता दोनच दिवस हायेत ना?” तिनं माझ्यापेक्षा खूप आधी तो माणूस वाचलेला होता. ते दोन दिवस अप्पा रोजच्यासारखे जेवले. भात मीच करत होते, तो कच्चा राहिला तर ताट सारून उठले. आई रात्री कण्हायची तेव्हा पडद्यापलीकडून अप्पांचा आवाज यायचा, “ठणका लई हाय का गं?” तिच्याच बोलीत, तिचीच नक्कल करून.

मग दुसरं सॅम्पल घेतलं. या वेळी प्लेट वाचायला अप्पांनी मला मुद्दाम बोलावलं. तेच सोनेरी जंतू, त्याच सगळ्या चकत्यांना खेटून, आणि त्याच ‘ई’भोवती तेच वर्तुळ. अप्पांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मोज.” मी मोजलं. त्यांनी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि माझ्या हातानंच काझी डॉक्टरांकडं पाठवला. तोवर आईच्या कोपरापर्यंत तांबडी रेघ चढली होती आणि बोटाचं टोक काळं पडलं होतं. काझी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, आणि बोट मधल्या पेरापासून काढलं. फी घेतली नाही. अप्पांनी घरी आल्यावर पाहुण्यांना सांगितलं की योग्य औषध मिळालं म्हणून हात वाचला, आणि औषध प्लेटनं सांगितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

पुढं ही गोष्ट आमच्या घरातला विनोद झाली. नवीन डॉक्टर आला, औषध कंपनीचा माणूस आला, माझं स्थळ घेऊन कुणी आलं, की चहा यायच्या आधी अप्पा सुरू करायचे. “आमच्या हिनं एकदा बोटावरच सेन्सिटिव्हिटी लावली होती. सगळ्या चकत्या, एकसुद्धा सोडली नाही.” ते चिमट्यानं चकत्या उचलल्याचा अभिनय करायचे. लोक पोट धरून हसायचे. कुणीतरी आईकडं बघून म्हणायचं, “वहिनी, खरं का हो?” आणि ती पोह्यांची डिश देताना मान हलवायची. डिश ती अंगठा नि मधल्या बोटात धरायची. अर्धं बोट वर राहायचं.

मी सूक्ष्मजीवशास्त्रच घेतलं. का, ते विचारणाऱ्यांना मी आवड असं सांगते. विद्यापीठात पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी चकत्यांची कुपी हातात देऊन तिच्यावरचं लेबल वाचायला लावलं. ‘ई’च्या एका चकतीत किती औषध असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. एका गोळीइतकं औषध जमवायचं तर अशा हजारो चकत्या लागतील. तेवढ्याशा औषधाला अंगातून निघून जायला दोन दिवस लागावेत असं काही त्या बोटावर नव्हतंच. आणि सॅम्पल खरंच बिघडलं असतं तर ती पहिली प्लेट कोरी राहिली असती. ती काठोकाठ भरलेली होती. अप्पांना हे माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. मी कुपी परत ठेवली आणि हात धुतले.

त्या रविवारी जेवताना मी त्यांना विचारलं. आई वरण वाढत होती. मी म्हणाले, “अप्पा, पहिली प्लेट बरोबर होती.” त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. त्यांना वाईट वाटलेलं नव्हतं, चिडलेही नव्हते. म्हणाले, “मग? त्यानंतर कधी फ्रिजमधल्या कुप्यांना हात लावला का तिनं?” आणि आईला म्हणाले, “तूप.” आईनं तूप वाढलं. मला वाटलं होतं की हे ऐकून ती पळी टाकेल, रडेल, निदान आत निघून जाईल. ती फक्त माझ्याकडं बघून डोळ्यांनी म्हणाली की बस झालं. मी त्यानंतर अप्पांशी कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग येतो. आता माझे स्वतःचे केस पांढरे झाले, अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

अप्पा आता नव्वदीला टेकलेत. शहागंजचं घर विकून आम्ही हर्सूलकडं फ्लॅट घेतला, लॅब मी चालवते. प्लेटा आता प्लास्टिकच्या आहेत, एकदा वापरायच्या आणि पिशवीत बांधून द्यायच्या, कुणाला धुवाव्या लागत नाहीत. गेल्या थंडीत अप्पांना लघवीचा त्रास सुरू झाला, हुडहुडी भरून ताप यायला लागला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी काही फरक पडेना, तेव्हा मी सॅम्पल घेऊन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेटचा फोटो मोबाइलवर घेतला, लागू पडणारं इंजेक्शन विकत घेतलं आणि घरी आले. अप्पा पलंगावर कुडकुडत होते. आई शेजारी खुर्चीत. अप्पांनी मोबाइल मागून घेतला, डोळ्याशी धरला आणि त्यांचा चेहरा क्षणभर जुन्या अप्पांसारखा झाला. “हे बघ, हे मोकळं आहे. हेच चालेल. आणलंस का? दे लवकर, ठणका फार आहे.”

आईनं हात पुढं केला. त्यांनी मोबाइल तिच्याकडं दिला. तिनं चष्मा लावला, फोटो बघितला, अर्ध्या बोटानं सरकवायचा प्रयत्न केला, सरकला नाही, मग मधल्या बोटानं मोठा करून बघितला. वर्तुळ तिला दिसलं. ती सावकाश म्हणाली, “लई हाय व्हय ठणका?” आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. “सॅम्पल खराब आहे, वसू. परत घे.”

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आयुष्यभर तो विनोद सांगणाऱ्या माणसाला तो पुरता आठवला होता.  आईनं खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसली. इंजेक्शन माझ्या पर्समध्ये होतं. ते मी दिलं, पण दिवेलागणीला दिलं. दुपारभर ती तशीच बसून होती, आणि मी तिला बसू दिलं.